भाड्यात हप्ता निघत नाही, भाऊ!

पोस्ट लांब आहे. जळगावात किंवा धुळ्यात "भाड्याने द्यायला" म्हणून पहिला फ्लॅट ज्यांना घ्यायचाय, त्यांनी टोकन देण्याआधी वाचावी. ज्यांनी घेऊन टाकलाय त्यांनी चहा घेऊन वाचावी. एजंट आणि बिल्डर मित्रांनीही वाचावी, फक्त रात्री फोन करून ओरडू नये. काय म्हणायचंय ते कमेंटमध्ये आकड्यांसह म्हणावं.

निमित्त असं झालं. गेल्या महिन्यात आसोद्याला एका मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती. कळण्याची भाकरी, भरीत, वरून तेल-मिरची. सगळं मजेत चाललेलं, आणि पुतण्या मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. वय २७, खासगी बँकेत नोकरी, हातात पगार ३८ हजार. म्हणे, "काका, पिंप्राळ्याकडे टू बीएचके बघितलाय. ३० लाख. पप्पांच्या रिटायरमेंटचे ६ लाख टाकायचे, २४ लाख कर्ज. हप्ता भाडेकरू भरतो, आपण फक्त सही करायची."

मी विचारलं, "भाडं किती येईल?"
"एजंट बारा हजार म्हणतो."
"त्याच बिल्डिंगमध्ये आज कोणी बारा देतंय का?"
गडी गप्प. ते विचारलंच नव्हतं.

सोमवारी आम्ही दोघं गेलो. एजंटला न सांगता गेलो. वॉचमनला तंबाखू दिली, पाच मिनिटांत सगळं कळलं. आठ ते साडेआठ हजार चालतं. बाराने एकही गेलेला नाही. आणि एका विंगमध्ये तीन फ्लॅट दिवाळीपासून रिकामे आहेत.

तिथेच पार्किंगमध्ये उभं राहून हिशेब केला. तो इथे मांडतो, कारण घराघरात हाच हिशेब न करता सह्या होतायत.

फ्लॅट ३० लाख. मुद्रांक शुल्क आपल्या महापालिका हद्दीत ६ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. (बाईच्या नावाने घेतला तर एक टक्का सूट.) नोंदणी फी ३० हजार. वीज मीटर, ग्रिल, पंखे, नळ, किचनची ट्रॉली धरली तर लाखाच्या आत सुटत नाही. झाले ३३ लाख. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर जीएसटी वेगळा.

भाडं ८,५००. वर्षात एक महिना रिकामा जातोच, म्हणून अकरा महिने धरा: ९३,५००. त्यातून घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, रंग, प्लंबर काढा. वर्षाला २३ हजारांच्या आसपास जातात. उरले ७० हजार.

३३ लाखांवर ७० हजार. सव्वादोन टक्क्यांनाही कमी. बचत खात्यापेक्षाही कमी, आणि बचत खात्याचा नळ रात्री दोन वाजता गळत नाही.

आता हप्ता. २४ लाख, वीस वर्षं, व्याज साडेआठ टक्के धरलं तर महिन्याला २०,८०० च्या पुढे. भाडं ८,५००. वरचे १२,३०० दर महिन्याला पुतण्याच्या ३८ हजारांतून जाणार. पगाराचा एक तृतीयांश! आणि वीस वर्षांत २४ लाखांचे बँकेला जवळपास ५० लाख भरायचे. भाडेकरू हप्ता भरतो म्हणे. भाडेकरू हप्त्याचा अर्धासुद्धा भरत नाही.

"टॅक्स वाचतो ना पण!" हे दुसरं वाक्य एजंटच्या तोंडी तयारच असतं. भाऊ, आता नवीन कररचना हीच मूळ आहे, आणि तिच्यात घरकर्जाच्या व्याजामुळे झालेला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. जुनी रचना निवडली तरी त्याला वर्षाला २ लाखांची मर्यादा. तुमच्या पगाराला कोणती रचना परवडते ते सीएला विचारा, फ्लॅट विकणाऱ्याला विचारू नका.

मग तिसरं वाक्य येतं: "भाड्याचं सोडा, किंमत वाढेल." यावर मी बोलतोच, कारण हे मी स्वतः भोगलंय. आजवर इथे लिहिलं नव्हतं. घरातली गोष्ट आहे आणि चूक माझी आहे.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. रिटायर झाले तेव्हाचे पैसे आणि गावाकडच्या हिश्श्याचे मिळून २०१६ साली त्यांच्याकडे ८ लाख होते. मी म्हटलं, आप्पा, बँकेत ठेवून काय मिळतं, फ्लॅट घेऊ, भाडं म्हणजे तुमची पेन्शन. ते अहिराणीत एवढंच म्हणाले, "पैसा मन्हा शे, पन कागद वाचानं काम तुन्हं शे." मी कागद वाचले नाहीत. ब्रोशर वाचलं.

फ्लॅट २४ लाखांचा. खर्चासकट २६ पडला. ८ आप्पांचे, १८ कर्ज. हप्ता १६,७०० च्या पुढे. सांगितलेलं भाडं नऊ हजार, मिळालेलं साडेसहा. आठ वर्षांत सरासरी ६,८०० पडलं. त्यातले सतरा महिने फ्लॅट रिकामा होता आणि अकरा महिने भाडेकरूने भाडंच दिलं नाही (ते पुढे सांगतो).

२०२४ मध्ये फ्लॅट ३१ लाखांना विकला. गल्लीत पेढे मागायला आले लोक. "सात लाख कमावले भो तुम्ही!"

सात लाख? बघा. आठ वर्षांत हप्ते भरले १६ लाख १० हजार. सुरुवातीचे ८ लाख. घरपट्टी, मेंटेनन्स, रंग, भांडणं मिळून दीड लाख. भाडं आलं ४ लाख ६० हजार, ते वजा केलं तर खिशातून गेले २१ लाख. विकल्यावर दलाली दिली, बँकेचे राहिलेले १४ लाख फेडले, हातात आले १६ लाख ७० हजार.

म्हणजे ४ लाख ३० हजारांचा खड्डा. आणि गल्लीत नाव काय, तर "प्रॉपर्टीत कमावलं."

किंमत वाढली होती, खोटं नाही. २४ चे ३१ झाले. पण आठ वर्षांत म्हणजे वर्षाला सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. मी बँकेला साडेनऊपर्यंत व्याज देत होतो. प्रत्येकजण खरेदीची किंमत आणि विक्रीची किंमत एवढंच लक्षात ठेवतो. मधले हप्ते कोणी मोजत नाही, कारण ते दर महिन्याच्या पाच तारखेला गुपचूप जातात. वडिलोपार्जित प्लॉटचे भाव वाढले म्हणून फ्लॅटचेही वाढतील असं नसतं. प्लॉट म्हणजे जमीन. फ्लॅटमध्ये जमिनीचा तुमचा वाटा तळहाताएवढा असतो, बाकी सिमेंट आणि लिफ्ट. सिमेंट जुनं होतं.

आता हे खूळ येतं कुठून?

एक, मोबाईलमधून. हिंदीत रील बनवणारे पोरं अमेरिकेतली पुस्तकं वाचून सल्ले देतात. तिकडे नवशिक्यांना एक ढोबळ नियम सांगतात: घराच्या किमतीच्या एक टक्का भाडं दर महिन्याला आलं पाहिजे. हा नियम जळगावला लावा. ३० लाखांच्या फ्लॅटला ३० हजार भाडं! महाबळला काय, कलेक्टरच्या बंगल्यालाही कोणी देणार नाही. तिकडे तीस वर्षं न बदलणाऱ्या व्याजाचं कर्ज मिळतं, आपलं व्याज रेपो रेटबरोबर खाली-वर होतं. तिकडे भाड्याच्या घरावर साडेसत्तावीस वर्षं घसारा मिळतो, आपल्याला भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते आणि विषय संपतो. देश वेगळा, कायदा वेगळा, भाडं वेगळं. सल्ला मात्र तोच, फक्त आवाज हिंदी.

दोन, भीतीतून. हे जास्त खरं आहे आणि यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या जिल्ह्याने पतसंस्था बुडताना पाहिल्यात. २०१५ मध्ये बीएचआर मल्टिस्टेटच्या संस्थापकाला अटक झाली, पुढे अवसायक बसला, आणि राज्यभरचे ठेवीदार हेलपाटे मारत राहिले. माझ्या आप्पांचेही काही पैसे दुसऱ्या एका लहान पतसंस्थेत अडकले होते. त्यामुळे खान्देशातल्या रिटायर माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: कागदावरचा पैसा बुडतो, विटांचा बुडत नाही.

त्यांना मी दोष देत नाही. पण त्या भीतीवर धंदा करणाऱ्यांना देतो. पतसंस्था आणि बँक यात फरक आहे, हे त्या रिटायर माणसाला कोणी शांतपणे सांगत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेलाही आहे, पतसंस्थेला नाही. पोस्टामागे तर सरकार उभं आहे. साठी ओलांडलेल्या माणसाला पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, २०२३ पासून व्याज ८.२ टक्के चाललंय. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५००. पैसे लावतानाचा दर पाच वर्षं बदलत नाही. त्याच ३० लाखांच्या फ्लॅटचं भाडं ८,५००, तेही भाडेकरूची मर्जी असेल तोवर. व्याजावर टॅक्स लागतो, कबूल. महागाईही आहे, कबूल. पण पेन्शन हवी असेल तर पेन्शनसारखी चीज घ्या ना भाऊ!

तीन, बोर्डांवरून. धुळ्यात जा, नरडाण्यापासून मालेगाव रोडपर्यंत प्लॉट आणि फ्लॅटचे बोर्ड. "रेल्वे येतेय, कॉरिडॉर येतोय." मनमाड-इंदूर लाईनला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८ हजार कोटींच्या वर खर्च. धुळेकरांनी या लाईनसाठी पिढ्यानपिढ्या निवेदनं दिली, आनंदच आहे. पण रेल्वेचं तिकीट आणि तुमच्या फ्लॅटचा भाडेकरू यांच्यामध्ये कारखाना लागतो. कारखान्यात पगार लागतो. पगार आला की भाडं येतं. तोपर्यंतचे हप्ते रेल्वे मंत्रालय भरत नाही.

जरा भाडेकरूचाही विचार करू, कारण सगळे फ्लॅटचा करतात आणि त्याचा कोणीच करत नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजारांचं, धुळे पावणेचार लाखांचं. त्याच जनगणनेत देशात जवळपास अडीच कोटी घरं रिकामी सापडली होती. आपल्याकडे बाहेरून राहायला येतो कोण? विद्यापीठाचे आणि मेडिकलचे विद्यार्थी. बदलीवाले बँक आणि सरकारी कर्मचारी. एमआर. एमआयडीसीतले कामगार. धुळ्याला देवपुरातल्या कॉलेजांची पोरं. बस. आणि जो तरुण लग्न करून टू बीएचके भाड्याने घेतो, तो आपला पोरगा आज पुण्यात हिंजवडीला राहतो, नाशकात राहतो, नाहीतर सुरतेला उधना-लिंबायतमध्ये राहतो. आपला भाडेकरू आपणच बाहेर पाठवलाय, आणि इकडे त्याच्यासाठी फ्लॅट बांधतोय!

जे येतात त्यांना टू बीएचके नको असतो. विद्यार्थ्याला खोली हवी, मेस जवळ हवी. कामगाराला दोन खोल्या, कंपनीपासून सायकलच्या अंतरावर. बदलीवाला तीन वर्षांनी जातो. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न "पाणी कितव्या दिवशी येतं?" हा असतो. धुळ्यात तर या एका प्रश्नावर भाडं ठरतं. ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल असतो, पाण्याची टाकी किती लिटरची ते नसतं.

आता ते अकरा महिने.

माझा दुसरा भाडेकरू. चांगला बोलका माणूस. मी काय केलं? पाचशेचा स्टॅम्प घेतला, कोर्टाच्या आवारात नोटरी केली आणि झालं ॲग्रीमेंट. सगळेच असंच करतात. सहा महिन्यांनी भाडं थांबलं. म्हटलं, खाली करा. म्हणे, करतो. अकरा महिने "करतो" चाललं. वकिलाकडे गेलो. त्याने माझा कागद बघितला आणि विचारलं, "हे रजिस्टर आहे का?" नाही म्हटलं. तो हसला नाही, एवढंच त्याचं चांगलं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याचं कलम ५५ म्हणतं: भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. आणि नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लक्षात घ्या, कायदा मोडणारा मी होतो. तो नव्हता.

नोंदणी असती तर? कलम २४ खाली, राहण्याच्या घराचं लायसन्स संपलं की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि मुदतीनंतर बसून राहिलेल्याला दुप्पट दराने भरपाई लागते. खर्च किती? ११ महिन्यांचं ८,५०० भाडं आणि २५ हजार डिपॉझिट धरलं तर मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने तीनशेच्या आत, महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. वर थोडे किरकोळ. ऑनलाईन होतं, अंगठा लावायला घरी येणारेही मिळतात. एवढे पैसे वाचवायला मी अकरा महिन्यांचं भाडं घालवलं, १४ हजारांचं थकलेलं वीजबिल भरलं (मीटर माझ्या नावावर!), आणि शेवटी त्याला सामान हलवायला वरून पैसे दिले.

काही शहाण्यांनी सुचवलं होतं, पाणी तोड, लाईट काप. करू नका. कलम २९ प्रमाणे मालकाने आवश्यक सेवा तोडणं हा गुन्हा आहे. आणि तो कायदा बरोबर आहे. त्याच्या घरात दोन लहान पोरं होती.

कुणाला वाटेल हे माझ्यासारख्या लहान माणसाचं झालं. मग जळगावातल्या सगळ्यात मोठ्या घरमालकाकडे बघा. तो सतरा मजलीत बसतो! महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले. त्यानंतर नूतनीकरण, भाड्याचा दर, थकबाकी यावरून वाद वर्षानुवर्षं चालला, खंडपीठापर्यंत गेला. कोण बरोबर हा आजचा विषय नाही, गाळेधारकांचंही म्हणणं आहे. पण ज्याच्याकडे वकील, वसुली विभाग आणि सीलचा लाखोटा आहे, त्या मालकालाही मुदत संपलेला करार एवढा महाग पडतो. मग "गाळा घेऊन ठेव, भाडं आपोआप येतं" असं कोणी म्हटलं की गोलाणी मार्केटात जाऊन वरचे मजले बघून या.

तर मग भाड्याचा धंदा करूच नये का? मी असं म्हणत नाहीये. मी नीट केलेला धंदा जवळून पाहिलाय, आणि तो धुळ्यात पाहिलाय.

२००३ ते २००८ मी नोकरीला धुळ्यात होतो. देवपुरात एका काकूंकडे वरच्या मजल्यावर दोन खोल्या. भाडं दीड हजारापासून सुरू झालं, निघालो तेव्हा बावीसशे. काकू विधवा, स्वतःच्या घरावरच त्यांनी मजला चढवलेला. पाच वर्षांत त्यांची खोली एक महिनाही रिकामी राहिली नाही, ना माझी, ना शेजारची. कसं? नळ आले की खालून हाक मारायच्या, "बेटा, पाणी आलं, भरून घे!" पहिल्या दिवशी सांगितलं, भाडं पाच तारखेला, उशीर होणार असेल तर चार तारखेला सांगायचं. डिपॉझिट त्यांनी वेगळ्या पासबुकात ठेवलं होतं. निघताना फुटलेल्या काचेचे तीनशे कापले आणि बाकी सगळं त्याच दिवशी हातात दिलं. आणि म्हणाल्या, "तुझ्यासारखाच एक पाठव." मी ऑफिसातला पाठवला. त्याने पुढचा पाठवला.

त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय होता, हे मला फ्लॅट विकल्यावर कळलं. जमीन त्यांची आधीच होती, म्हणून पैसा फक्त बांधकामात गेला. कर्ज नव्हतं. भाडेकरू कोण येणार हे बांधण्याआधी ठरलेलं होतं, खोल्या त्याच्या मापाच्या बांधल्या. आणि त्या स्वतः खाली राहत होत्या.

आजच्या आकड्यात मांडू. स्वतःच्या घरावर ६०० फूट बांधकाम, फुटाला १,८०० धरा, तर १० लाख ८० हजार. दोन वन आरके, प्रत्येकी साडेचार हजार भाडं. महिनाभर रिकामं आणि घरपट्टी-रंग वजा करूनही वर्षाला ऐंशी-पंचाऐंशी हजार उरतात. म्हणजे साडेसात-आठ टक्के. पुतण्याच्या फ्लॅटच्या साडेतीनपट! फक्त पाया तेवढा मजला पेलतो का ते इंजिनिअरला दाखवा, आणि महापालिकेची परवानगी काढूनच बांधा.

म्हणून नवशिक्यांना माझं सांगणं. ऐका अथवा नका ऐकू:

१. भाड्याचा आकडा एजंटकडून घेऊ नका. त्याच बिल्डिंगच्या वॉचमनला, किराणावाल्याला आणि तीन भाडेकरूंना विचारा. रिकामे फ्लॅट संध्याकाळी सात वाजता मोजा, अंधार असलेल्या खिडक्या खोटं बोलत नाहीत.

२. अकरा महिन्यांच्या भाड्यातून सगळे खर्च काढा, सगळ्या गुंतवणुकीने भागा. कर्जाच्या व्याजापेक्षा तो आकडा कमी असेल, तर तुम्ही गुंतवणूक करत नाही, बँकेला आणि भाडेकरूला दोघांना पोसताय.

३. भाड्यासाठी पहिला फ्लॅट मोठं कर्ज काढून घेऊ नका. राहायला घ्या, खुशाल घ्या, तो हिशेब वेगळा आहे. राहत्या घराचं समाधान टक्क्यात मोजत नाहीत.

४. कागद: मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. नवा प्रकल्प असेल तर महारेरावर स्वतः शोधा. अगदी लहान प्रकल्प सोडले तर नोंदणी बंधनकारक आहे. भाव कार्पेट एरियावर विचारा. "गुंठेवारीत होऊन जाईल" असं कोणी म्हटलं की उठून चहा प्यायला जा.

५. करार नोंदवा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. भाडं खात्यात घ्या आणि रिटर्नमध्ये दाखवा. डिपॉझिट खर्चू नका, तो पैसा तुमचा नाही.

६. आणि हे जरा टोचेल. "बॅचलर नको, मुली नको, अमुक जातीचे नको, तमुक धर्माचे नको, नॉनव्हेज नको" असं म्हणत सात महिने फ्लॅट रिकामा ठेवायचा आणि मग मार्केटला शिव्या द्यायच्या, हे बंद करा. आडनाव विचारून खोली नाकारली गेलेली पोरं आपल्याच जिल्ह्यातली आहेत. माणुसकी म्हणून नाही पटत तर हिशेब म्हणून पटवून घ्या. भाडेकरू तुमचा आश्रित नाही, गिऱ्हाईक आहे. दाणा बाजारातला व्यापारी गिऱ्हाईकाची जात विचारून डाळ तोलत नाही.

मला माहीत आहे काय कमेंट येणार. "आमच्या मामांनी १९९५ ला घेतलं, आज करोडोत आहे." मामांनी प्लॉट घेतला असेल, रोखीने घेतला असेल, आणि शेजारून हायवे गेला असेल. मामांना नमस्कार. पण मामांचं नशीब ही तुमची योजना नाही.

आप्पा आता ७४ वर्षांचे आहेत. फ्लॅट विकून आलेल्या पैशातले ८ लाख मी त्यांच्या नावाने पोस्टात ठेवले. तिमाहीला १६,४०० येतात. पहिल्यांदा एंट्री झाली त्या दिवशी पासबुक हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. आठ वर्षं मी त्यांना "पेन्शन" म्हणून जे सांगत होतो, त्यातला एक रुपया त्यांच्या हातावर पडला नव्हता. उलट दोनदा हप्त्याला कमी पडले म्हणून त्यांनीच दिले होते. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुतण्याने टोकन दिलेलं नाही. भावाच्या घरावर मजला चढवायचा विचार चाललाय, परवा इंजिनिअर येऊन पाया बघून गेला. फ्लॅटवाल्या एजंटचे मात्र त्याला अजून फोन येतात, "सर, शेवटचे दोनच युनिट राहिलेत."

मागच्या महिन्यातही दोनच होते.

पटलं तर ज्याच्या घरात रिटायरमेंटचा पैसा नुकताच आलाय त्याला पाठवा. नाही पटलं तर भांडा, पण भाडं, हप्ता आणि रिकामे महिने तिन्ही आकडे लिहून भांडा.